पावडर वाढवू का?

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला पुतणीचा फोन आला. ती चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीच्या खाणीवर ब्लास्टिंग बघते, म्हणजे दगडात होल मारून, त्यात पावडर (सुरुंगाची दारू) भरून बार उडवायचं काम. नोकरीला लागून अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. आवाजावरूनच कळलं, दिवस वाईट गेलाय.

"काका, बोल्डर फार यायला लागलेत. क्रशर रोज दोन-तीनदा अडकतो. साहेब म्हणतात पावडर वाढव. वाढवू का?"

मी म्हटलं, "आधी एक सांग. बार उडतो तेव्हा आवाज कसा येतो?"

"जोरात येतो. ऑफिसच्या काचा वाजतात."

"मग आत्ता वाढवू नकोस. थांब."

फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं, पण नंतर झोप लागेना. या प्रश्नापायी मी स्वतः कितीतरी वर्षं चुकत होतो. म्हणून आज सकाळी बसून सगळं सविस्तर लिहितोय. तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या आणखी कोणी खाणीवर उभ्या असतील त्यांच्यासाठी.

मी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या दगडाच्या खाणीवर सव्वीस वर्षं काढली. १९८७ साली मायनिंगचा डिप्लोमा घेऊन आलो तेव्हा तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंत डोंगर ठिकठिकाणी कापलेला होता. दुपारची जेवणं झाली की एकामागून एक खाणीचे भोंगे व्हायचे आणि मग बार. नवी मुंबईच्या जुन्या नोडांतल्या इमारतींना लागलेली बरीच खडी याच डोंगरातली. आता मी ऐरोलीत राहतो. गॅलरीतून डोंगर दिसतो, कापलेला भागही दिसतो.

आमच्या खाणीवर एक मुकादम होते. वडार समाजातले, घण आणि सुतकी हातात घेऊनच मोठे झालेले. सगळी खाण त्यांना तात्या म्हणायची. बार उडाला की बाकी सगळे मान वर करून धूळ बघायचे, तात्या मान खाली घालून ऐकायचे. धुप्प असा, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा आवाज आला की शांतपणे बिडी पेटवायचे. फटाक्यासारखा कडक वाजला की म्हणायचे, "वारा फुटला. दगड तसाच हाय." ढिगाजवळ जाऊन बघावं तर खरंच समोर हत्तीएवढे बोल्डर.

तात्या जे कानाने ओळखायचे त्यामागचं कारण मला पुस्तकातून कळलेलं होतं, फक्त मी ते खाणीवर वापरत नव्हतो. होलमध्ये दारू पेटली की सेकंदाच्या हजाराव्या भागांत दोन कामं होतात. पहिलं काम धक्क्याच्या लाटेचं. आपल्या काळ्या दगडातून ती सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने पळते. होलच्या लगतचा थोडासा दगड चुरडला जातो, पण त्यापुढे दगड तिचा दाब सहज सोसतो. लाट मोकळ्या तोंडाशी, म्हणजे खाणीच्या उघड्या उभ्या कड्याशी, पोचते तेव्हा मात्र उलटते, आणि परत येताना दाबाची लाट ओढीची झालेली असते. दगड जितका दाब सोसतो त्याच्या साधारण दहावा हिस्साच ओढ सोसतो, म्हणून तिथे तो तडकतो. दुसरं काम वायूचं. तो या तड्यांत शिरतो, त्यांना फाकवतो आणि सगळा माल पुढे लोटतो. वायू जितका वेळ आत कोंडलेला राहील तितकं काम होतं. काचा वाजवणारा कडाका म्हणजे काम न करता बाहेर पळालेला वायू. त्याचे पैसे आपण दिलेले असतात.

म्हणून मी तिला पहिल्यांदा आवाज विचारला.

आता दगडाबद्दल. पारसिकचा डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला उभ्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा, मातीसारखा मऊ पट्टा असतो. कुठे दगड घट्ट काळा, कुठे वायूच्या फुग्यांच्या जागी पांढरे खडे भरलेला. सुरुंगासाठी हे सगळे दगड वेगळे, पण कागदावर आम्ही एकच शब्द लिहायचो, बेसॉल्ट, आणि सगळीकडे एकाच मापाने होल मारायचो.

भेगांचं एक लक्षात घ्यायला हवं. उघडी भेग ही लाटेसाठी मोकळ्या तोंडासारखीच असते. लाट तिथेच उलटते, वायू तिथूनच निसटतो. दोन मीटर अंतरावरच्या भेगांमध्ये एखादा ठोकळा असेल आणि त्या ठोकळ्याच्या पोटात एकही होल नसेल, तर तो जसाच्या तसा ढिगात येऊन पडतो. दारू कितीही भरा, त्याला फक्त धक्का लागतो. तो बोल्डर आपण तयार केलेला नसतो, निसर्गाने आधीच कापून ठेवलेला असतो. आपण त्याला जागेवरून हलवतो, एवढंच.

हे मला तांबड्या पट्ट्याने शिकवलं. १९९१ च्या हिवाळ्यात आम्ही नव्या बेंचवर, म्हणजे खाणीतल्या पायरीवर, गेलो. सहा मीटर उंचीची बेंच, वरचा मुरूम काढलेला, दगड वरून बघायला सुरेख. सलग तीन बार फसले. प्रत्येक बाराला तीस-पस्तीस बोल्डर, आणि सगळे बेंचच्या वरच्या अर्ध्यातले, फरशीसारखे चपटे. मी पावडर वाढवली. चौथ्या बाराला आवाज वाढला, बोल्डर तेवढेच.

तात्यांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, ड्रिलवाल्याला इचारलं का कधी?" नव्हतं विचारलं. तात्यांनी मला मारलेल्या होलांजवळ नेलं आणि तोंडाशी पडलेल्या भुकटीचे ढीग दाखवले. काळ्या भुकटीवर तांबडी, तिच्यावर परत काळी. जमिनीखाली काय काय लागत गेलं ते त्या छोट्या ढिगात क्रमाने रचलेलं होतं. ड्रिलवाला म्हणाला, साडेतीन मीटरला रॉड एकदम खाली जातो, हाताला कळतं. म्हणजे अर्धा मीटर जाडीचा मऊ पट्टा बेंचच्या मधोमध होता आणि आम्ही त्याच्यासमोर इमानेइतबारे दारू भरत होतो. सगळा वायू त्या पट्ट्यातून बाहेर. वरचा घट्ट थर नुसता उचलला जाऊन खाली आदळत होता.

पुढच्या बाराला पट्ट्याच्या समोरच्या भागात दारूऐवजी बारीक खडी भरली. दारूचे दोन भाग केले, पट्ट्याच्या वर एक आणि खाली एक, दोन्हीकडे स्वतंत्र डेटोनेटर. दारू आधीपेक्षा कमी लागली. बोल्डर दहा-बारा निघाले. त्या दिवसापासून प्रत्येक होलाची वही सुरू केली: कुठल्या खोलीला भुकटीचा रंग बदलला, कुठे रॉड पळाला, कुठे पाणी लागलं. निवृत्त होईपर्यंत ती वही मी सोडली नाही. पुतणीला माझं पहिलं सांगणं हेच आहे, चार्जिंगच्या आधी ड्रिलवाल्याशी बोल. तुझ्या चुनखडीत मातीने भरलेल्या फटी असतील, पोकळ्या असतील. त्याच्या हाताला त्या आधी कळतात.

यानंतर मापं. ९६-९७ च्या सुमाराला मालकांनी ११५ मिलिमीटरचं ड्रिल भाड्याने आणलं. तोवर आम्ही ८३ चं होल मारायचो, मोकळ्या तोंडापासून दोन मीटर आत, दोन होलांमध्ये अडीच मीटर. नव्या मशीनचा हिशोब सोपा दिसत होता: मोठं होल, जास्त दारू, तीन मीटर बर्डन (मोकळ्या तोंडापासून होलाचं अंतर), म्हणजे होलांची संख्या निम्म्यावर. ड्रिलिंगचा खर्च खरोखरच उतरला. पण बेंच सहा मीटरचीच होती. उसाचं लांब कांडं गुडघ्यावर सहज मोडतं, वीतभर तुकडा मोडून बघा. दगडाचंही तसंच. बेंचची उंची बर्डनच्या तिप्पट-चौपट असेल तर दगड वाकतो आणि फुटतो. दुप्पटच असेल तर तो ठोकळ्यासारखा अडून बसतो, पायथ्याला न फुटलेला टो उभा राहतो, वायू वरच्या बाजूने वाट काढतो. शिवाय होल लांब लांब गेल्यामुळे भेगांमधले कितीतरी ठोकळे होलाशिवायच राहिले. ड्रिलिंगमध्ये वाचलेले पैसे बोल्डर फोडणाऱ्या ब्रेकरच्या भाड्यात गेले, आणि क्रशर थांबला त्याचं नुकसान वेगळं. खाणीवर ड्रिलिंगचं बिल एका फाइलीत आणि क्रशरचं दुसऱ्या फाइलीत असतं. दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघणारा माणूस नसला की असे निर्णय होतात. याची चीड मला आजही येते.

आता मुख्य गोष्ट, सरळ होल. हा मुद्दा मी आकड्यांनी मांडतो, कारण तोंडी सांगितलं तर साहेब ऐकत नाहीत.

बाराच्या मालाचा अंदाज बांधायला कुझ-रॅम नावाचं एक सूत्र आहे. सोव्हिएत संशोधक कुझ्नेत्सोव्ह यांनी १९७३ मध्ये मधल्या आकाराचं समीकरण दिलं. दक्षिण आफ्रिकेच्या कनिंगहॅम यांनी १९८३ मध्ये त्याला रोझिन आणि रामलर यांची आकारांची विभागणी जोडली. ती मुळात या दोघा जर्मन संशोधकांनी १९३३ मध्ये कोळशाच्या भुकटीसाठी मांडलेली होती. सूत्र ढोबळ आहे, बारीक चुरा ते कमी दाखवतं, मूळ रूपात डिलेचा, म्हणजे होल मागेपुढे उडवायच्या वेळेचा, विचारही त्यात नव्हता. पण दोन पर्याय शेजारी ठेवून तुलना करायला ते उत्तम.

आमची ८३ ची बेंच घ्या. उंची सहा मीटर, बर्डन दोन, स्पेसिंग (दोन होलांमधलं अंतर) अडीच, होल एकाआड एक सरकवलेले. एका होलाच्या वाट्याला ३० घनमीटर दगड, म्हणजे साडेदहा ब्रास. दारू २१ किलो, वर दोन मीटर स्टेमिंग, म्हणजे होल बुजवायचा भराव. कठीण, भरपूर भेगांच्या दगडाचा गुणांक १० धरला तर निम्मा माल २४ सेंटीमीटरच्या खाली येतो. क्रशरचं तोंड ६० सेंटीमीटरचा दगड घेतं असं समजा. होल अगदी जागच्या जागी असतील तर ६० च्या वरचा माल सुमारे ७ टक्के.

आता बाकी काहीही न बदलता होल सरासरी अर्धा मीटर इकडेतिकडे सरकले असं धरा. बोल्डर १५ टक्के. दुप्पट!

आता साहेबांचं ऐकून पावडर वाढवा. त्याच उंचीत जास्त घनतेचं इमल्शन (पाण्यात टिकणारी, घट्ट लेपासारखी दारू) भरून २१ चे २७ किलो करा, ताकद तेवढीच धरा, होल मात्र वाकडेच ठेवा. निम्मा माल साडेवीस सेंटीमीटरच्या खाली येतो, पण बोल्डर ११ टक्के राहतात. सहा किलो दारू जास्त जाळूनही सरळ होलांच्या सात टक्क्यांपर्यंत पोचता येत नाही. शिवाय जिथे दोन होल जवळ आलेत तिथे चुरा वाढतो, जिथे लांब गेलेत तिथे ठोकळा राहतो, आणि जिथे होल तोंडाच्या फार जवळ गेलंय तिथून दगड उडतो.

होल सरळ आहे का हे बघायला तात्यांकडे दाढीचा आरसा होता. दुपारच्या उन्हाची तिरीप होलात सोडायचे आणि वाकून बघायचे. तळ दिसला तर ठीक. ढगाळ दिवशी दोरीला बॅटरी बांधून सोडायचे. उजेड कुठल्या खोलीला दिसेनासा होतो ते दोरीवर मोजायचे. तिरकेपणासाठी होलाच्या तोंडात लांब सरळ काठी घालून तिच्याशेजारी ओळंबा धरायचे. होलांच्या तोंडांमधलं अंतर टेपने. वीस होलांना तासभर पुरतो.

स्टेमिंगबद्दल लिहिताना मला १९९४ चा एक दिवस आठवतो. त्याविषयी मी आजवर फार कमी लोकांशी बोललोय. त्या काळी होलाचं तोंड ड्रिलच्या भुकटीनेच बुजवायची पद्धत होती. फुकट मिळायची, हाताशी असायची. पण बारीक भुकटी वायूपुढे टिकत नाही, बंदुकीतून सुटावी तशी उडते. टोकदार खडीचे दाणे एकमेकांत अडकून बसतात, वायू दाबेल तितके घट्ट होतात. होलाच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढी खडी चांगली. आमच्याच क्रशरखाली तिचा डोंगर पडलेला होता आणि आम्ही ती वापरत नव्हतो.

तर बोल्डर साठले होते. ते फोडायला जॅकहॅमरने प्रत्येकात लहान होल मारून दुय्यम बार घेतले. मीच घेतले. वर भुकटी चेपलेली. एक दगड, नारळाएवढा, आम्ही आखलेल्या हद्दीच्या बाहेर गेला आणि पायथ्याच्या वस्तीतल्या एका घराचा पत्रा फोडून चुलीशेजारी पडला. घरातली बाई पाणी आणायला गेली होती. मी धावत गेलो तेव्हा ती हंडा कडेवर घेऊन दारात उभी होती आणि पत्र्याच्या भोकाकडे बघत होती. काही बोलली नाही. मला तिची माफी मागतानाही शब्द सापडेनात.

त्यानंतर भुकटीचं स्टेमिंग बंद केलं. बोल्डर जमेल तेवढे ब्रेकरने फोडायला लागलो. लहान बोल्डर बार हा खाणीवरचा सगळ्यात दगाबाज बार आहे, कारण त्या दगडाला चारही बाजूंनी मोकळं तोंड असतं. पहिल्याच बाराला माल नीट फुटला तर हा धोका उरतच नाही. फ्रॅगमेंटेशन, म्हणजे दगडाचे होणारे तुकडे, हा शब्द क्रशरच्या टनांपुरता आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी तो पत्रा दाखवला असता.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात होल भरलेलेच असतात. अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं मिश्रण पाण्यात विरघळून निकामी होतं. बारानंतर नारिंगी धूर दिसला तर समजावं, दारू बहुधा ओली झाली, आणि त्या धुरात कोणालाही जाऊ देऊ नये. ओल्या होलाला इमल्शनच. हे सगळे जाणतात, तरी महाग पडतं म्हणून जून उजाडला की टाळाटाळ सुरू होते.

डिलेचं मात्र नीट समजून घ्यावं. मी आलो तेव्हा कितीतरी खाणींवर अख्खी ओळ एकदम उडवायचे. मागच्या ओळीला फुटायला जागा हवी असते आणि ती जागा पुढची ओळ सरकल्याशिवाय होत नाही. बर्डनच्या दर मीटरला दहा ते वीस मिलिसेकंद मिळाले तर मागच्या ओळीला मोकळं तोंड सापडतं. आम्ही नॉनेल (वीज न वापरता नळीतून पेटणारे डेटोनेटर) आल्यावर शेजारच्या होलांत १७ आणि ओळींत ४२ मिलिसेकंद ठेवायला लागलो, तेव्हा ढिगाचा चेहराच बदलला. माल सैल पडायला लागला, पोकलेनची बादली सहज भरायला लागली. आणखी एक मोठा फायदा झाला. जमिनीची थरथर एका क्षणी किती दारू उडते त्यावर ठरते, एकूण दारूवर नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी सेकंदाला ५, १० आणि १५ मिलिमीटर अशा मर्यादा आहेत, थरथरीच्या वारंवारितेप्रमाणे. डोंगराच्या कुशीत वस्ती वाढत गेली तसा आम्हाला डिलेनेच आधार दिला. आता तर १ एप्रिल २०२५ पासून देशात इलेक्ट्रिक डेटोनेटरवरच बंदी आहे, आणि मिलिसेकंदाला नेमके फुटणारे इलेक्ट्रॉनिक डेटोनेटर पुतणीच्या पिढीच्या हातात आहेत. मला ते थोडे आधी मिळायला हवे होते.

चांगला माल म्हणजे बारीक माल असंही नाही. उलव्याची टेकडी नवी मुंबईच्या विमानतळासाठी कापली, नव्वद मीटरच्या आसपास उंच होती ती. तो दगड भरावात गेला. भरावाला हवा तो आकार वेगळा, वीस एमएम खडी काढणाऱ्या क्रशरला हवा तो वेगळा. समुद्राच्या बंधाऱ्याला दगड पाठवायचा असेल तर मोठे बोल्डरच हवेत, तिथे मुद्दाम कमी दारू भरायची. म्हणून बार आखायच्या आधी क्रशरवर जाऊन उभं राहायचं, तोंड मोजायचं आणि तिथल्या माणसाला विचारायचं की नेमका कुठला दगड अडकतो. चपटा की चौकोनी, वरच्या थरातला की पायथ्याचा. बोल्डर कुठून आला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. जुन्या भेगेचे गंजलेले, तांबूस चेहरे असले तर तो भेगांनी दिलेला. सगळ्या बाजू ताज्या, काळ्या असतील तर आपल्या होलांनी दिलेला.

हे लिहीत असताना दुपारी तिचा मेसेज आला. उद्याच्या बारासाठी मारलेले बावीस होल तिने आणि ड्रिलवाल्याने मिळून तपासले. दोरीला बॅटरी बांधून. सात होलांत तळाच्या आधीच उजेड दिसेनासा झाला, चार होल तोंडाशीच अर्ध्या मीटरहून जास्त सरकलेले. स्टेमिंग, तिने लिहिलंय, "भुकटीचंच आहे काका, सगळे तेच वापरतात." सोबत फोटो होता: होलाच्या तोंडाशी भुकटीचा ढीग, पांढऱ्यावर पिवळसर मातीचा पट्टा आणि त्यावर परत पांढरं.

मी तिला पट्ट्याची खोली विचारली आहे. उद्याचा बार तिने एक दिवस पुढे ढकललाय. वाकडे होल परत मारायला मशीन लावलंय आणि क्रशरवरून दहा एमएम खडीचा एक डंपर बेंचवर मागवलाय.